बाई, जयंती दोनदा का असते?

वाचक शिक्षिकेचं पत्र:

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिकवते. माझा मुख्य विषय मराठी. बी.एड.ला दुसरी मेथड इतिहास होती, म्हणून यंदा सातवीचा इतिहास माझ्या गळ्यात पडला. वर्गात छप्पन्न मुलं आणि आठवड्याला तीन तासिका. मी धडा वाचते, समजावते, प्रश्नोत्तरं लिहून देते. लढाईची गोष्ट चालू असते तोवर वर्ग शांत असतो. तहाची कलमं, सन, कारभार आला की गोंगाट सुरू. फेब्रुवारीत एकाने विचारलं, "बाई, शिवजयंती दोनदा का असते? खरी कोणती?" मी म्हणाले, पुस्तकात आहे ती. आणखी एक जण दर आठवड्याला मोबाईलवर वाचलेलं काहीतरी घेऊन येतो. त्याच्या वडिलांनी तर मुख्याध्यापकांकडे जाऊन "बाई पोरांना चुकीचं शिकवतात" अशी तक्रारच केली. अभ्यासक्रम मागे पडलाय. पुढच्या वर्षी हा विषय नको म्हणून सांगू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी त्या जयंतीच्या प्रश्नाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात मिटवून टाकलात. मुलाने स्वतःहून विचारलं की ही गोष्ट आपल्याला कळली कशी. इतिहासाच्या तासाला याहून चांगला प्रश्न मुलाकडून येत नाही. तुमची मराठीची सवय धडा समजावण्याची आहे. तिथे ती चालते, कारण कविता पुस्तकात पूर्ण असते. इतिहासाचा धडा मात्र पुस्तकात पूर्ण नसतो. तो कुणीतरी कागद, दगड आणि आठवणी तपासून लिहिलेला निष्कर्ष असतो. मुलांना नुसता निष्कर्ष दिला की ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि मे महिन्यात विसरतात.

जयंतीचा तास असा घ्या. फळ्यावर दोन ओळी लिहा: "फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१" आणि "वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९". पहिली म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, दुसरी एप्रिल १६२७. मग विचारा, एकाच माणसाच्या जन्माच्या दोन तिथ्या कशा? मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, कुणीतरी खोटं बोलतंय. ते तिथेच थांबवा. वैशाखातली तिथी काही बखरींच्या आधारे बरीच वर्षं प्रचलित होती. फाल्गुनातली तिथी जेधे शकावलीत आहे. भोरकडच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही घटनांची कोरडी नोंदवही लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतलं, त्यातूनही हीच तिथी निघते. एकमेकांशी संबंध नसलेले दोन जुने पुरावे एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर अभ्यासकांचा कौल तिकडे झुकला आणि पुढे राज्य सरकारनेही १९ फेब्रुवारी स्वीकारली. आज गावात जयंती दोनदा होते त्याचं कारण आणखी सोपं आहे. कुणी तारखेने करतं, कुणी तिथीने. पंचांग चंद्रावर चालतं, म्हणून तिथी दरवर्षी तारखेवरून सरकते.

एखादं चौकस पोर म्हणेल, "बाई, फाल्गुन वद्य तर मार्चात येतं, मग फेब्रुवारी कसा?" तसा वर्ग लाभलाच तर सांगा की १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कालगणनेतली तारीख आहे. आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १ मार्चला येतो. वर्ग दमलेला असेल तर हे सोडून द्या, काही अडत नाही.

आता तुमच्या पुस्तकाचा पहिला पाठ उघडा: 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक. जूनमध्ये बहुतेक शिक्षक तो एका तासात उरकतात, व्याख्या लिहून देतात, घटक चाचणीला 'जोड्या लावा'त विचारतात आणि वर्षभर त्याचं नाव काढत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की तो पाठ एकदा शिकवून संपवायचा नसतो. पुढच्या प्रत्येक पाठात एक साधन वर्गात यायला हवं. सगळा पाठ साधनांवरून शिकवा असं मी म्हणत नाही, तीन तासिकांत ते जमायचं नाही. पाठाला एक साधन, त्यावर पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात तुमचं वाचन, समजावणं, प्रश्नोत्तरं चालू द्या. लिहून देणं अगदी बंद करा असं प्रशिक्षणात सांगतात. सांगणाऱ्याला छप्पन्न वह्या तपासायच्या नसतात.

तहाची कलमं आली की गोंगाट होतो म्हणता. साहजिक आहे, कलमं वाचून दाखवली तर मोठी माणसंही पेंगतात. १६६५ चा पुरंदरचा तह घ्या. महाराजांनी मुघलांना तेवीस किल्ले आणि वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख द्यायचा ठरलं, स्वतःकडे बारा किल्ले राहिले. हे वाक्य वाचण्याआधी फळ्यावर पुणे आणि कोकणच्या बाजूचा ओबडधोबड नकाशा काढा. घाटाची रेघ, खाली समुद्र, वर पुणे. त्यावर पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, माहुली, कर्नाळा, राजगड, तोरणा, रायरी (म्हणजे पुढचा रायगड) अशी नावं टाका. वर्गाचे गट करा आणि सांगा, तुम्ही महाराजांचे कारभारी आहात. मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरच्या पायथ्याशी बसलेत, मुरारबाजी पडले आहेत. या नऊपैकी सहा किल्ले सोडायचेत. कोणते तीन ठेवाल, आणि का?

पाचच मिनिटं द्या. एखादा गट समुद्राजवळचा किल्ला ठेवायचा म्हणेल, दुसरा पुण्याजवळचा, तिसरा सगळ्यात उंच. भांडणं होतील, होऊ द्या. मग खरं काय झालं ते सांगा: राजगड, तोरणा, रायरी राहिले; पुरंदर, कोंढाणा, लोहगड गेले. दुर्गम डोंगरातलं ठेवलं, मोकळ्या मुलखाकडचं सोडलं. त्यानंतर विचारा, यातला कोंढाणा पुढे कुठे ऐकलाय? अख्खा वर्ग ओरडेल, तानाजी! गंमत म्हणजे तानाजीची गोष्ट प्रत्येक पोराला तोंडपाठ असते, पण कोंढाणा मुळात मुघलांच्या हातात गेलाच कसा, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १६६५ चा तह आणि १६७० चा सिंहगड त्या तासाला एकमेकांना चिकटतात. दोन्ही सन वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

सनावळीचा मी तिरस्कार करत नाही. हल्ली "सन महत्त्वाचे नाहीत" असं म्हणायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. सन नसेल तर आधी काय आणि नंतर काय हेच कळत नाही, आणि ते कळलं नाही तर कारण सांगता येत नाही. पण तीस सन नकोत. १६३०, १६७४, १६८०, १७०७, १७६१, १८१८ एवढ्या सहा खुंट्या भिंतीत पक्क्या ठोका, बाकीचं त्यांवर टांगता येतं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूने लांब रेघ ओढा, एक वीत म्हणजे दहा वर्षं. महाराजांच्या जन्मापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत जेमतेम एकोणीस विती भरतात. तीच रेघ आजपर्यंत वाढवली तर १८१८ पासून पुढे वीसेक विती होतात. म्हणजे धड्यातला सगळा मराठेशाहीचा काळ जेवढा लांब, साधारण तेवढाच काळ ती संपून आपल्यापर्यंत लोटला. मुलांना हे आकड्यात कधी जाणवत नाही, भिंतीवर दिसतं. शेवटच्या टोकाला त्यांना स्वतःची, आईची आणि आजीची जन्मसालं लिहू द्या.

आजी आलीच आहे तर मौखिक साधनाकडे वळते. तुम्ही बीडच्या आहात. बाहत्तरचा दुष्काळ तुमच्या वर्गाच्या घराघरात अजून जिवंत आहे. आज साठी-सत्तरीत असलेली माणसं तेव्हा पोरं होती, काहींनी खडी फोडलीय, पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर पाट्या वाहिल्यात, कामावर वाटलेली सुकडी खाल्लीय, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात. त्याच काळातल्या कामांतून पुढे राज्याच्या रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. हे सातवीच्या पुस्तकातलं नाही हे मला माहीत आहे. पण साधन हाताळायला शिकायचं तर ते जवळचं असावं.

मुलांना "आजीला दुष्काळाबद्दल विचारून या" असं सांगून पाठवू नका. "लई वाईट दिवस होते" एवढं एक वाक्य घेऊन छप्पन्न जण परत येतील. प्रश्न तुम्ही घडवून द्या. तेव्हा तुमचं वय काय होतं? सकाळी काय खायचात? पाणी कुठून आणायचात, कोण आणायचं? कामाला कुठे जायचात आणि सोबत कोण असायचं? मजुरी पैशात मिळायची की धान्यात? जनावरांचं काय केलंत? प्रत्येकाने उत्तर आजीच्याच शब्दांत लिहायचं, सुधारून नाही. खाली आजीचं तेव्हाचं वय आणि गाव लिहायचं.

वह्या आल्या की वाचून दाखवा. एक आजी म्हणेल सुकडी गोड होती, आम्ही भांडून खायचो. दुसरी म्हणेल तोंडात फिरायची, ढोरांना घातली. एक आजोबा मुकादमाला नावं ठेवतील, दुसरे आजोबा स्वतःच मुकादम निघतील. इथे विचारा, यातलं खरं कोणाचं? मुलं आपल्याच आजीची बाजू घेतील, पण हळूहळू कुणीतरी म्हणेल की ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि ही लग्न झालेली. बस. साक्षीदार कोण, किती वयाचा, कुठे उभा होता, त्याचा त्यात काय फायदा-तोटा होता, हे सगळं त्यांना कळलं. हाच प्रश्न मग बखरीला विचारता येतो.

गावात मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक दगड, आहे का बघा, आपल्याकडे बऱ्याच गावांत असतो. लोक त्याला शेंदूर फासतात आणि कुठला तरी देव म्हणतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो खालून वर वाचायचा असतो. शेजारी बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. एक तासिका तिकडे न्या. शेंदूर खरवडायचा नाही, चढायचं नाही, नुसतं बघून चित्र काढायचं. ज्यांच्याकडे राज्य नव्हतं, बखर नव्हती, त्या कुण्या गावकऱ्याचं मरण कुणीतरी दगडात नोंदवून ठेवलंय, एवढं मुलांना दिसलं तरी खूप झालं.

आता तो मोबाईलवाला मुलगा. मला तो आवडला. त्याला गप्प करू नका, पण लगेच उत्तरही देऊ नका. त्याने आणलेला मजकूर फळ्यावर लिहा आणि तीन प्रश्न सगळ्या वर्गाला विचारा: हे कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? त्याने पाहिलं, ऐकलं की वाचलं? उदाहरण म्हणून बखरींचं अंतर दाखवा. महाराज १६८० साली गेले. सभासदाने बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. म्हणजे साधारण सतरा वर्षांनी, आणि तोही दरबारातला माणूस. चिटणीसांची बखर आली थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सभासदाची किंमत जास्त का, हे मुलं भिंतीवरच्या रेघेवर विती मोजून सांगतील. मग मोबाईलवरच्या मजकुराची पाळी. लेखकाचं नाव नाही, साल नाही, कुठल्या कागदावरून घेतलं ते नाही. तो खोटा आहे असं तुम्ही म्हणूच नका. "याला साक्षीदार सापडला की परत आण" एवढंच म्हणा. पुढच्या वेळी तो मुलगा मजकूर आणण्याआधीच नाव शोधेल. कदाचित चिडेलही. चिडला तरी वर्गात आणतोय तोवर बरं आहे.

पानिपताच्या पाठाला याच पद्धतीची एक मजेशीर चीज आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने दिलेला, पानिपतच्या पराभवाची बातमी सांगणारा सांकेतिक निरोप: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पाठ न शिकवता आधी हा निरोप फळ्यावर लिहा आणि मुलांना कोडं म्हणून सोडवू द्या. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे कुणीतरी ओळखतंच. खुर्दा म्हणजे सुट्टी चिल्लर, हे मात्र हल्ली सांगावं लागतं. खुर्दा म्हणजे कोण, असं विचारलं की वर्ग गंभीर होतो. त्यावर तुम्ही भाष्य करू नका.

पालकांच्या तक्रारीबद्दल. त्यांच्याशी वर्गाच्या दारात किंवा पालकांच्या ग्रुपवर वाद घालू नका. मुख्याध्यापकांसमोर बसा, पाठ्यपुस्तकाचं पान आणि तुमचं टाचण समोर ठेवा, आणि "पुस्तकात हे आहे, मी हे शिकवलं" एवढंच बोला. त्यांचं म्हणणं कुठल्या आधारावर आहे ते विचारा आणि लिहून घ्या. ते दाखवत असलेल्या गोष्टीला खरोखर आधार असेल तर पुढच्या तासाला ती साधन म्हणून आणा, आणि तसं त्यांना सांगा. नव्वद टक्के राग तिथेच विरघळतो असं माझं म्हणणं नाही, काही पालक चिडूनच येतात आणि चिडूनच जातात. पण मुख्याध्यापकांना तुमची बाजू कळते, ते जास्त महत्त्वाचं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात विचारली नाही, पण मी सांगणार. लढाई रंगवताना "आपण जिंकलो", "त्यांना कापून काढलं" असं तोंडातून निघतं का ते तपासा. तुमच्या वर्गात एखादा पठाण, एखादा शेख बसलेला असेल. त्या "आपण"मधून तो त्या क्षणी बाहेर जातो, आणि बाकीच्या मुलांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मराठे, मुघल, आदिलशाही, सिद्दी अशी नावं घ्या. आणि बाजू नीट मांडा, म्हणजे प्रश्नच सुटतो: पुरंदरला मुघलांचा सेनापती जयसिंग हा रजपूत. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. स्वराज्याच्या आरमारात दौलतखान, सैन्यात सिद्दी हिलाल. ही यादी फळ्यावर नुसती लिहिली तरी मुलांच्या डोक्यातल्या दोन सरळ रांगा मोडतात. खरं सतरावं शतक असंच गुंतागुंतीचं होतं, तुम्हाला वेगळा उपदेश करायची गरज पडत नाही.

वेळ कुठून आणायचा? काही पाठांत काटकसर करा. 'साम्राज्याची वाटचाल' नावांनी गच्च भरलेला आहे. त्याचा तक्ता करा, सरदार, मुलूख, एक काम, आणि दोन तासिकांत बाहेर पडा. 'स्वराज्याचा कारभार'मध्ये अष्टप्रधानांची नावं पाठ करून घेण्यात तास घालवू नका. त्याऐवजी आजचं तुमचं तहसील कार्यालय घ्या, पैशाचा हिशेब कोण बघतं, पत्रं कोण लिहितं, तंटा कोण सोडवतं, आणि मग अमात्य, सचिव, न्यायाधीश समोर आणा. मुलं मिरवणुकीतल्या वेशभूषेत मावळे होतात ते छानच दिसतं, पण त्याला इतिहास शिकवला असं मी धरत नाही. त्यावर तासिका खर्चू नका, स्नेहसंमेलन आहेच.

आणि गुणांची काळजी करू नका. आजीची मुलाखत प्रकल्पात बसते, कोणते किल्ले ठेवावेत यावरचा वाद तोंडी कामात, वीरगळाचं चित्र उपक्रमात. आकारिक मूल्यमापनाची साधनतंत्रं तुम्ही तशीही भरताच, बहुतेक शाळांत ती मार्चमध्ये एका बैठकीत भरली जातात. इथे निदान खरी नोंद होईल. संकलित परीक्षेला मात्र नेहमीचेच प्रश्न येणार, रिकाम्या जागा, कारणे द्या, टिपा लिहा. त्याचा सराव पाठ संपल्यावर वीस मिनिटं करून घ्या, नाक मुरडू नका. फक्त घटक चाचणी तुम्हीच काढता, त्यात एक प्रश्न वेगळा घाला: एक छोटा उतारा द्या आणि विचारा, "हे लिहिणारा घटनेच्या वेळी तिथे असेल का? कशावरून?" तीन गुण.

राहिलं विषय सोडायचं. यंदा लगेच सांगू नका. मुख्याध्यापकांना उलट एक मागा, पुढच्या वर्षीही सातवीच द्या, आणि आठवड्यातल्या तीनपैकी दोन तासिका जोडून द्या. वेळापत्रक मे महिन्यात ठरतं, तेव्हा मागायला हरकत नाही. वीरगळाला जाऊन यायचं तर पस्तीस मिनिटं पुरत नाहीत. ते नाही म्हणाले तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मराठीचा विषय परत मागा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याआधी जयंतीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला सोमवारी उभं करा आणि दोन्ही तिथ्या त्यालाच फळ्यावर लिहायला लावा.